घरी लागणारा सूर मंचावर का सुटतो? आधी मिनिट शोधा

तक्रार एकच असते आणि शब्दही जवळजवळ तेच. "घरी सगळं येतं हो. गुरुजींसमोरही नीट होतं. मंचावर बसलं की काय होतं कळत नाही." कुणाचा आवाज थरथरतो, कुणाची लय चढते, कुणाला शंभर वेळा म्हटलेला अंतरा आठवत नाही. निदान मात्र सगळे स्वतःच करून आलेले असतात: सभाधीटपणा नाही, आत्मविश्वास कमी पडतो.

गेली बावीस वर्षं मी पेटीची साथ करतो, बहुतेक हौशी आणि नुकतेच कार्यक्रम करू लागलेल्या गायक-गायिकांना. गणेशोत्सव, कोजागिरी, दिवाळी पहाट, गुरुपौर्णिमा, आंतरशालेय स्पर्धा. साथीदार गाणाऱ्यापासून दोन हातांवर बसतो. श्वास कुठे संपला, सूर कुठे कणभर चढला, हे श्रोत्यांच्या आधी त्याला कळतं, कारण त्याची बोटं त्याच सुराकडे निघालेली असतात. तिथून मला जे दिसलं ते असं की "आत्मविश्वास नाही" हे निदान कामाचं नसतं. त्यावर औषध काय देणार? "धीर धर, छान होईल" एवढंच. गाणाऱ्याला ते ऐकून आणखी एकटं वाटतं. खरा बिघाड बहुतेक वेळा एका ठरावीक जागी असतो आणि दर कार्यक्रमात तिथेच होतो. म्हणून माझा पहिला प्रश्न असतो: कितव्या मिनिटाला?

आधी हे करा

तुमच्या गेल्या दोन-तीन कार्यक्रमांची मोबाइलवरची ध्वनिमुद्रणं काढा. घरच्या कुणीतरी केलेली असतातच. त्याच रात्री ऐकू नका, त्या रात्री सगळंच वाईट ऐकू येतं. दोन दिवस जाऊ द्या. मग वही घेऊन बसा आणि एकच गोष्ट लिहा: पहिली चूक कितव्या मिनिटाला, कोणत्या शब्दावर, कोणत्या सुरावर. ध्वनिमुद्रण नसेल तर तबला किंवा पेटी वाजवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी फोन करून विचारा. त्याला आठवत असतं. विचारत कुणी नाही.

बँकेत नोकरी करणाऱ्या एक ताई माझ्याकडे आल्या त्या गाणं सोडायचं ठरवूनच. "दादा, तीन कार्यक्रम झाले, तिन्ही वाया गेले." तिन्हींची ध्वनिमुद्रणं आम्ही बसून ऐकली. पहिली चार मिनिटं स्वच्छ होती. आलाप नीट, मुखडा, म्हणजे गाण्याची पहिली ओळ, तीही नीट. चौथं मिनिट संपता संपता अंतऱ्यात तार षड्जाकडे, म्हणजे वरच्या 'सा'कडे, जाताना आवाज आवळला होता आणि तिथून पुढचं सगळं त्या धक्क्यात गेलं होतं. तिन्ही वेळा तीच जागा. आणि तिन्ही कार्यक्रम पहाटेचे, दोन दिवाळी पहाट आणि एक पाडवा पहाट. रियाज मात्र संध्याकाळी सात वाजता, काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची ती पट्टी 'सा' धरून. पहाटे साडेपाचला आवाज खाली असतो, वरचे सूर जड येतात. त्यांना धैर्य कमी नव्हतं, पट्टी अर्ध्या सुराने जास्त होती. पुढचा पहाटेचा कार्यक्रम आम्ही अर्धा सूर खाली, पांढरी पाचमध्ये घेतला. त्याआधीचे दहा दिवस त्यांनी पहाटे उठून वीस मिनिटं खर्जाचे, म्हणजे खालचे, सूर लावले. तार षड्ज लागला.

पट्टी उतरवायला लोकांना कमीपणा वाटतो. कृपा करून वाटू देऊ नका. फक्त ती आधी ठरवा आणि साथीदारांना तीन-चार दिवस आधी कळवा. तबला ठरावीक पट्टीच्या आसपासच चांगला बोलतो. आयत्या वेळी पट्टी बदलली की तबलजीला घरी ठेवलेला तबला आठवतो आणि मंचावर ठोकाठोक सुरू होते. ती ठोकाठोक ऐकत बसलेल्या गायकाच्या पोटात गोळा येणारच.

मंचावर चढायच्या आधीच त्रास होत असेल तर

हातपाय गार पडतात, तोंडाला कोरड पडते, छाती धडधडते. हे अॅड्रेनलिनचं, म्हणजे भीतीच्या वेळी शरीरात सुटणाऱ्या संप्रेरकाचं काम आहे. ते सगळ्यांच्या शरीरात होतं, मोठ्या कलावंतांच्याही. ते थांबवता येत नाही आणि थांबवायचीही गरज नाही. गाण्याला त्याचा एकच परिणाम मारक आहे: श्वास वर चढतो. पोटापर्यंत जाणारा श्वास गळपट्टीपाशी अडकतो, खांदे उचलले जातात आणि लांब सूर मध्येच तुटतो.

यावर सगळ्यात साधा उपाय म्हणजे उच्छ्वास लांबवणं. श्वास सोडताना हृदयाची गती उतरते, घेताना वाढते. त्यामुळे चार मोजत श्वास घ्या आणि आठ मोजत सोडा, पाच मिनिटं. "खोल श्वास घे" असं जो तो सांगतो, पण घाबरलेला माणूस छाती फुगवून आणखी हवा भरतो आणि त्याला गरगरतं. भर सोडण्यावर हवा. मी तर गायकांना सोडताना तोंड मिटून मंद्र पंचमावर, म्हणजे खालच्या 'प'वर, गुंजन करायला सांगतो. श्वासही लांबतो आणि गळाही तापतो.

पाण्याबद्दल एक खुलासा. ऐन वेळी बाटलीभर पाणी प्यायल्याने स्वरतंतू ओले होत नाहीत. पाणी त्यांच्यावरून वाहतच नाही, ते अन्ननलिकेत जातं. शरीरात पाणी मुरायला वेळ लागतो, म्हणून दिवसभर पीत राहा. मंचावरचा घोट फक्त तोंडाच्या कोरडीसाठी. ज्येष्ठमध, खडीसाखर, लवंग यांनी बरं वाटत असेल तर चघळा. त्यांच्यावर कार्यक्रम सोपवू नका.

मनाशी काय बोलावं, हाही प्रश्न असतो. "शांत हो, शांत हो" असं स्वतःला बजावणं फारसं उपयोगी पडत नाही, कारण शरीर शांत नसतं आणि ते आपल्याला कळत असतं. हार्वर्डच्या अॅलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एक प्रयोग गाण्याचा होता. गाण्याआधी "मी उत्साहात आहे" असं मोठ्याने म्हणणारे लोक "मला भीती वाटते आहे" म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त अचूक गायले. धडधड तीच, नाव वेगळं. माझ्या ओळखीचा एक तरुण गायक विंगेत उभा राहून तबलजीला म्हणतो, "चला, मजा येणार." आधी मला तो उथळपणा वाटायचा. आता मी त्याच्या गाण्याची पहिली पाच मिनिटं ऐकतो आणि गप्प बसतो.

पहिल्या दोन मिनिटांत बिघडत असेल तर

निवेदकाचं बोलणं संपतं, टाळ्या होतात आणि गायक त्या टाळ्या विरायच्या आत गायला लागतो. तानपुरा अजून कानात उतरलेला नसतो. पहिला षड्ज कणसूर, म्हणजे जरासा बेसूर, लागतो, तो स्वतःला कळतो आणि मग पुढची दहा मिनिटं तो सावरण्यात जातात.

बसा. मांडी नीट घाला. तानपुरा सुरू होऊ द्या आणि पूर्ण अर्धा मिनिट नुसता ऐका. आतून तो अर्धा मिनिट पाच मिनिटांएवढा वाटतो. समोर बसलेल्यांना तो तयारीचा वाटतो आणि ते आपोआप शांत होतात. चांगल्या मैफलीतले गायक काय करतात ते एकदा गाणं सोडून बघा. पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवाला गेलात तर प्रत्येक कलाकार बसल्यापासून पहिला सूर लागेपर्यंत किती वेळ घेतो, ते घड्याळ लावून मोजा. कुणीही घाई करत नाही.

दुसरं, सुरुवात कशाने करता? स्पर्धेच्या सवयीमुळे मुलं पहिल्यांदाच सगळ्यात अवघड, सगळ्यात लोकप्रिय, वरच्या सुरावरून उठणारं पद घेतात. पहिली चीज झोपेतून उठवलं तरी म्हणता येईल अशी हवी: मध्यलयीतली, सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात फिरणारी, यमन किंवा भूपासारख्या हाताळलेल्या रागातली. अवघड पद तिसऱ्या क्रमांकावर ठेवा. तोवर गळा, कान आणि तबलजी तिघेही तुमचे झालेले असतात.

लय चढत असेल तर

अॅड्रेनलिनमुळे नेहमीची लय संथ वाटते. गायक मुखडा जलद उचलतो, तबलजी त्याच लयीत ठेका धरतो आणि अंतऱ्यातली शब्दांची गर्दी आली की जीभ अडखळते. लय मुखड्यावरून ठरवूच नका. त्या चिजेतली सगळ्यात दाट ओळ किंवा तान आधी मनात म्हणा, ती ज्या लयीत स्वच्छ निघते ती लय तबलजीला द्या. आणि त्याला आधीच सांगून ठेवा: "मी पळायला लागलो तर मागे येऊ नका, धरून ठेवा." चांगला तबलजी ते आनंदाने करतो. न सांगता तो करणार नाही, कारण गायकाच्या मागे जाणं हा साथीचा धर्म आहे.

शब्द विसरत असाल तर

याची भीती सगळ्यात मोठी आणि इलाज सगळ्यात कमी केला जातो. बार्ब्रा स्ट्रायसँडसारखी नावाजलेली अमेरिकन गायिका १९६७ साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये हजारो लोकांपुढे शब्द विसरली आणि त्या धसक्याने पुढची बरीच वर्षं जाहीर मैफली टाळत राहिली. म्हणजे हे कुणालाही होतं.

पाठांतर बहुतेक वेळा साखळीसारखं असतं. पहिली कडी धरली की बाकीच्या येतात, मधली सुटली की सगळी खाली पडते. म्हणून मधूनच उचलण्याचा रियाज हवा. घरच्या कुणाला तरी सांगा की मी गाताना कुठेही टाळी वाजव. टाळी वाजली की थांबायचं, दोन मात्रा जाऊ द्यायच्या आणि पुढच्याच शब्दापासून उचलायचं, सुरुवातीपासून नाही. दहा दिवस हे केलं की साखळीची प्रत्येक कडी वेगळी हाताला लागते.

तरीही मंचावर शब्द गेलाच तर मुखड्यावर या. आपल्या संगीतात मुखडा हे हक्काचं घर आहे. शब्द आठवेपर्यंत नुसत्या 'आ'कारात तालाचं एक आवर्तन भरा, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, मुखडा धरा. श्रोत्याला तो विस्तार वाटतो. फक्त चेहरा पाडू नका आणि साथीदाराकडे दचकून बघू नका, कारण चूक झाल्याची बातमी तिथूनच सभागृहात पोहोचते.

समोर कागद ठेवायला हरकत नाही. पूर्ण कविता नको, प्रत्येक ओळीचा पहिला शब्द ठळक अक्षरात, बस्स. मोबाइलवर शब्द ठेवू नका. ऐन अंतऱ्यात पडदा काळा होतो, मग गायक सुरात असताना बोटाने पडदा उघडत बसतो. हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आता माझ्या पेटीच्या पिशवीत कोरे कागद आणि जाड मार्कर असतो.

फक्त मोठ्या सभागृहात किंवा मंगल कार्यालयातच बिघडत असेल तर

इथे थोडं थांबूया, कारण मंचावर होणाऱ्या निम्म्या बिघाडांचं मूळ मला ध्वनिव्यवस्थेत सापडलं आहे, आणि गायक त्याचं खापर स्वतःच्या मनावर फोडत असतो.

ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. मागची भिंत मंचापासून २५ मीटरवर असेल तर तुमचा आवाज तिथे आपटून परत यायला जवळजवळ ०.१५ सेकंद लागतात. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. म्हणजे तुमचाच आवाज जवळपास तिसरा हिस्सा मात्रा उशिरा तुमच्या कानावर येतो. तबला मात्र शेजारी, ताजा. गायक नकळत त्या परतलेल्या आवाजाला धरतो आणि लयीत मागे पडतो. तबलजी त्याला ओढतो, गायक बिचकतो. फरशीच्या, उघड्या भिंतींच्या मंगल कार्यालयात हे हमखास होतं. रिकाम्या सभागृहात चाचणीच्या वेळी तर जास्तच, कारण माणसं भरल्यावर त्यांचे कपडे आणि शरीरं आवाज शोषतात. चाचणीच्या वेळी घुमलं म्हणून हातपाय गाळू नका.

उपाय म्हणजे समोरचा मॉनिटर, म्हणजे गायकाकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर. साउंडवाल्या दादांना नेमकं सांगा: "मॉनिटरमध्ये मला माझा आवाज आणि तानपुरा हवा. पेटी-तबला थोडाच." "जरा आवाज वाढवा ना" असं मोघम सांगितलं की ते बाहेरचा आवाज वाढवतात. चाचणीत मुखडा म्हणून भागत नाही. सगळ्यात वरचा सूर आणि सगळ्यात खालचा, दोन्ही लावून बघा. त्या दादांचं नाव विचारा आणि कार्यक्रमाआधी चहा एकत्र घ्या. पुढचे दोन तास तुमचा आवाज त्यांच्या हातात आहे.

मग माइक. घाबरलेला गायक माइकपासून दूर सरकतो. आवाज कमी पडतो म्हणून साउंडवाले तो वाढवतात. वाढवला की माइक मॉनिटरचा आवाजही उचलतो आणि कर्कश शिट्टी वाजते. त्या शिट्टीने गायक आणखी मागे सरकतो. हे चक्र मी कितीतरी कार्यक्रमांत फिरताना पाहिलं आहे. चार बोटांचं अंतर ठेवा आणि ते मोडू नका. वरच्या सुरात किंचित मागे, खर्जात थोडं जवळ. जवळ आल्यावर या माइकांचा खालचा आवाज भरतो, तो खर्जाला मदतच करतो. गाण्यासाठी सर्रास मिळणारा शुअर कंपनीचा एसएम ५८ हा माइक १९६६ पासून आहे आणि तो समोरचा आवाज सगळ्यात जास्त, पाठीमागचा सगळ्यात कमी घेतो. म्हणून मॉनिटर माइकच्या बरोबर पाठीमागे, म्हणजे तुमच्या समोर हवा. उभं राहून गाणाऱ्यांनी माइकची जाळी मुठीत धरू नये. जाळी झाकली की माइकचा हा गुण जातो आणि शिट्टी हमखास येते.

घरी सराव करायला माइक नसेल तर चालेल. बंद मार्कर उशीत खोचा, ओठांपासून चार बोटांवर ठेवा आणि त्याच्याशी मान न हलवता गा.

कपडे आणि बैठक

हे छोटं आहे, पण सांगतोच. कार्यक्रमासाठी नवा शिवलेला घट्ट ब्लाउज किंवा छातीत आवळणारी शेरवानी बरगड्यांना फुलू देत नाही. जो पोशाख घालणार तो घालून, तिथल्यासारख्याच गादीवर बसून दोन वेळा पूर्ण रियाज करा. बांगड्या माइकच्या स्टँडला लागतात का, तेही तेव्हाच कळतं.

दम कमी पडतो म्हणून घाबरणाऱ्यांना मी कुमार गंधर्वांची आठवण देतो. क्षयरोगाने त्यांचं एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालं, देवासला काही वर्षं गाणं पूर्ण बंद होतं. परत गायले ते छोट्या, जोरकस, नेमक्या स्वरवाक्यांनी, आणि महाराष्ट्राने ते गाणं डोक्यावर घेतलं. आपली अडचण त्यांच्याएवढी नसते. ओळ दोन श्वासांत घेतली तर कुणी उठून जात नाही. श्वास कुठे घ्यायचा ते शब्द बघून आधी ठरवा आणि वहीत खूण करा.

ओळखीचे लोक समोर असले की बिघडत असेल तर

गुरुजी पहिल्या रांगेत, शेजारी सासूबाई. ही अडचण खरी आहे आणि तिला युक्ती नाही, पायऱ्या आहेत. आधी घरातली दोन माणसं, मग कोजागिरीला गच्चीवर वीस, मग सोसायटीचा गणपती, मग भजनी मंडळात एक अभंग एकट्याने. प्रत्येक पायरीवर किमान तीन वेळा. गणेशोत्सव आणि मेळ्यांनी या प्रांतातल्या कितीतरी गायकांना पहिला मंच दिला. दहा दिवसांत चार मंडळांत गायलात तर वर्षभराच्या क्लासने होणार नाही एवढी भीड चेपते.

आणि पाचव्या रांगेत मोबाइल ठेवून चित्रीकरण करा. तुमचा हात थरथरताना मला दोन हातांवरून दिसतो. पाचव्या रांगेतून तो दिसत नाही. हे सांगून पटत नाही, बघून पटतं.

इतकं करूनही उलट्या होत असतील, श्वास कोंडत असेल, महिनोन्महिने कार्यक्रम टाळले जात असतील तर डॉक्टरांकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. हा त्रास उपचाराने कमी होतो. कुणा मित्राने दिलेली प्रोप्रानोलॉलची गोळी मात्र आपल्या मनाने घेऊ नका. हृदयाची धडधड ती कमी करते, पण दम्याच्या रुग्णाला ती धोक्याची आहे आणि रक्तदाब मुळात कमी असलेल्यांनाही. थोडी दारू घेऊन बसणाऱ्यांचा सूर मी पेटीवर रोज मोजला आहे. त्यांना तो छान वाटतो, एवढंच.

त्या बँकेतल्या ताई आता वही ठेवतात. या दिवाळीनंतर त्यांनी मला पान दाखवलं. चौथ्या मिनिटापुढे काही नव्हतं. एकोणिसाव्या मिनिटापुढे लिहिलं होतं: "उजवा पाय बधिर, लक्ष गेलं, समेला उशीर." मी त्यांना डाव्या मांडीखाली दुमडलेली चादर घ्यायला सांगितलं आहे आणि रियाज आता सलग चाळीस मिनिटं, न उठता. पुढचा कार्यक्रम पाडव्याला आहे, पहाटे साडेपाचला, पांढरी पाच.